जेरार्दोच्या दोन थापा

सेनिगाल्लिया, मंगळवार दुपार

प्रिय लोरेदाना,

शनिवारी रिमिनीच्या पुढे जेरार्दो पेट्रोल भरायला उतरला, तेव्हा तू मागे वळून मला विचारलंस, “आई, खरं सांगा, तुम्हाला हा माणूस कसा वाटतो?” मी डोळे मिटून घेतले. तुला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. लागली नव्हती. प्रश्न ऐकून गप्प बसणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करत असे, तेव्हा आता मला लिहिणं भाग आहे. एकाच हॉटेलात राहून पत्र कसलं, असं म्हणशील. तोंडाने सांगायला गेले तर तुझे डोळे भरतील, मग मी चिडेन, आणि मुद्दा राहून जाईल.

त्याने तुला लग्नाचं विचारलंय आणि तू सुट्टी संपेपर्यंत मुदत मागितली आहेस, हे मला बीचेने सांगितलं. तुझ्या लेकीच्या पोटात काही राहत नाही. मुदत माझ्यासाठी आहे, हे मात्र मला कोणी सांगावं लागलं नाही. सिल्व्हानोला जाऊन चार वर्षं झाली तरी तू माझ्या मुलाची बायको म्हणूनच माझ्या दारात येतेस, आणि मीही तुला तशीच आत घेते.

डोंगरातला आठवडा संपवून समुद्राकडे जायचा शनिवार आपल्या घरात नेहमी सिल्व्हानोचा असायचा. तो गाडी उडवत न्यायचा, मी मागून ओरडायची. यंदा मोएनाहून निघालो तेव्हाच मला कळलं की ओरडायला काही मिळणार नाही. हा तुझा सालेर्नोचा औषधवाला गाडी अशी चालवतो, जणू मागच्या सीटवर अंडी ठेवली आहेत. घाट उतरेपर्यंत सायकलवाल्यांनी आपल्याला मागे टाकलं. वर त्याचं गाणं. वर माझे कटलेट खाऊन “सिन्योरा, हे आमच्या आईच्या हातच्यापेक्षा चांगले आहेत, पण तिला सांगू नका, ती माझं नाव टाकेल.” मी हसले नाही. म्हणजे तुला तसं वाटलं, कारण मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

मग बोलोन्याच्या अलीकडे सगळं थांबलं. ऑगस्टचा शनिवार, अख्खा देश समुद्राकडे निघालेला. लोक गाड्यांतून उतरून रस्त्यावर पत्ते खेळायला बसले. शेजारच्या गाडीतल्या बाईने बीचेला कलिंगडाची फोड दिली. गाड्या चार पावलं सरकायच्या आणि पुन्हा थांबायच्या. आणि मला, लोरेदाना, माझ्या वयाच्या बाईला प्रवासात जी अडचण होते ती झाली. मी मेले असते, पण बोलले नसते. पाय जुळवून समोर बघत बसले होते.

त्याने आरशातून एकदा पाहिलं. एकदाच. मग मोठ्याने म्हणाला, “मंडळी, माफ करा, मला आता धीर धरवत नाही.” आणि मोठ्या मुश्किलीने मिळालेली रांग सोडून तो पहिल्याच फाट्याने खाली उतरला. तू त्याला काय काय बोललीस! “निघताना जाऊन यायला काय झालं होतं? बीचे बरी तुझ्यापेक्षा!” बीचे तर हसून लोळत होती. तो मान खाली घालून म्हणत होता, “काय करू, वय झालं.” खाली लागलेल्या गावातल्या बारमध्ये त्याने आधी कॉफी मागितली, म्हणजे कोणाला फुकट आत गेल्यासारखं वाटायला नको, आणि मागच्या दाराकडे हात करून म्हणाला, “आधी सिन्योरा.” मी बाहेर आले तेव्हा तो बारवाल्याशी फुटबॉलवरून वाद घालत होता. तो स्वतः आत गेलाच नाही. तू गाडीत होतीस, तुला दिसलं नाही. बीचे त्याला सेनिगाल्लियापर्यंत चिडवत होती, आणि त्याने ते सगळं हसत अंगावर घेतलं.

ही पहिली थाप. रिमिनीला उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ज्या प्रवासात सिल्व्हानो गाडी चालवायचा त्यात बसून ते म्हणवेना.

दुसरी थाप रविवारची. किनाऱ्यावरच्या तिसऱ्या ओळीतली आपली छत्री, दर उन्हाळ्यात घेतो ती. दर सकाळी छत्र्या सांभाळणारा प्रिमो खुर्च्या मांडतो, तुझी, माझी, बीचेची आणि सिल्व्हानोची निळ्या पट्ट्यांची. चार वर्षं तो ती उघडून ठेवतो, आणि आपण तिच्यावर ओला टॉवेलसुद्धा टाकत नाही. जेरार्दोने एक नजर टाकली आणि सावलीच्या बाहेर, वाळूवर पंचा अंथरला. “सावलीत ये ना, वेड्या,” तू म्हणालीस. “आम्ही दक्षिणेकडचे, उन्हातच जन्मलो,” तो म्हणाला. संध्याकाळी त्याचे खांदे उकडलेल्या खेकड्यासारखे झाले होते आणि तू दही चोळत त्याला शिव्या देत होतीस. त्या खुर्चीत बसू नकोस असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काल पुन्हा तो तिथेच, शर्ट घालून.

थापा मारणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर शिक्षा केल्या. या दोन्हींना मी पैकीच्या पैकी गुण देते. सिल्व्हानो माझा होता आणि मला प्रिय होता, पण आरशातून त्याने मला कधी असं पाहिलं नसतं. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

आज सकाळी तुम्ही पाण्यात होतात तेव्हा मी प्रिमोकडे गेले. छत्रीच्या दांडीवरच्या पाटीवर आधी माझ्या नवऱ्याचं नाव होतं, मग सिल्व्हानोचं. “बाई, काय लिहू?” त्याने विचारलं. तुझं माहेरचं नाव लिहायला सांगितलं. माझ्या घराण्याचं नको आणि जेरार्दोचंही नको. छत्री तुझी, तिच्याखाली कोणाला बसवायचं ते तू ठरवायचं, माझ्या तोंडाकडे न बघता. पण तू विचारलंस म्हणून सांगते: त्याला हो म्हण. आणि बारची गोष्ट त्याच्यासमोर काढू नकोस. मला कळलंय हे त्याला कळायला नको.

तुझीच,
एर्सिलिया

तुझ्या ताब्यात दिलं: तिसऱ्या ओळीतली छत्री, पुढच्या उन्हाळ्यांसाठीही. कपडे बदलायच्या खोलीची किल्ली, याच पाकिटात. लाकडी चेंडूंचा संच, त्यातला एक लाल सिल्व्हानोने समुद्रात फेकला होता, तो शोधू नये. निळ्या पट्ट्यांची खुर्ची, एक. तिचं कापड आज दुहेरी शिवून घेतलं आहे, कारण हा माणूस वजनाने जास्त आहे.