फुलीची बाजू

४ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

तुझ्या स्वयंपाकघरातलं फडताळ, धाकटीचा पाळणा, अकरा दारं, एक होडी आणि आता तुळया मोडायचं यंत्र: सगळं माझ्या हातचं, कुणाच्या हाताखाली न शिकता. गोदामाची तुळईही मीच बसवली होती. ती मी मोजत नाही.

शाळेच्या नव्या छपराला डोंगरातलं काळं लाकूड घ्यायचं घाटतंय. बाबा ज्याखाली गेले तेच. पस्तीस वर्षं कुणी ते डोक्यावर चढवलेलं नाही. गाव म्हणतं, घातकी आहे. खरंखोटं शाळेने मलाच विचारलंय. दोन ठोकळ्यांवर तुळई आडवी ठेवतो, मधोमध वाळूची पोती टांगतो, मोडेपर्यंत मोजतो. गाठ असेल त्या बाजूला खडूची फुली, आणि फुली कायम वर; बाबांकडून मिळालं ते एवढंच. गाठ पाठीला असली की तुळई पेलते, पोटाला आली की दगा देते.

मोडण्याआधी हे लाकूड कण्हतं. हुबेहूब बाबांचा खोकला. काल भर दुपारी, पोती उतरवल्यावरही ऐकू आला. त्या दिवशीही आला होता का? शेवटी तिथे तूच होतीस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. मापाड्यास, अ. आ.

फडताळ झकास, पण दार आपोआप उघडतं. भिंत वाकडी आहे असं उलट टपाली कळवू नकोस!

हो, कण्हली होती तुळई. बाबा आले तोवर हमालांनी गोदामाच्या माळ्यावर पोती रचलीही होती. त्यांनी वर पाहिलं आणि मला पळत जाऊन खडू आणायला सांगितलं. स्वतः टेकू उचलायला वळले. जाताना दारातून वळून पाहिलं, तर खडू त्यांच्या कानामागेच होता. तरी त्यांनी सांगितलं म्हणून मी शोधत बसले रे, दोन खोल्या. लवकर परतले असते तर, हे अजून सुटत नाही.

त्यांच्या डोक्यावरच्या काळ्या तुळईवर पांढरी फुली होती. डोळे मिटले की अजून तीच दिसते. का, कोण जाणे.

तू लाकडाशी बोलतोस म्हणे. वहिनीशीही बोलत जा.

माया आहे, वाढतेच आहे.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

पत्र चारदा वाचलं. फुली खालून दिसली, म्हणजे गाठ पोटाला होती. ती तुळई त्या सकाळी मी एकट्याने चढवली. बाबा यायच्या आत करून दाखवायची हौस. उलटी चढवली.

तरी पडताळा घेतला. एकाच झाडाच्या सहा तुळया. फुली वर: बावीस, तेवीस, बावीस पोती. फुली खाली: नऊ, दहा, नऊ. लाकडाचा दोष नाही. अहवालात तसं लिहिलं, गोदामाची हकीकतही, माझ्या सहीनिशी. मुख्याध्यापकांनी वाचून खाली शिक्का मारला. मग फुली पक्क्या रंगाने काढा, एवढंच म्हणाले.

खोकला थांबलेला नाही. बाबांनी तुला खडूसाठी पाठवलंच नव्हतं, ताई. बाहेर काढलं होतं. तो उशीर आता मनातून काढून टाक. चूक माझी आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मापाड्या

ता. क. अहवाल देण्याआधी लोखंडी तुळयांचा व्यापारी येऊन गेला. लाकूड घातकी आहे, एवढंच लिहा. गाव तेच तर म्हणतं, तुमचं काय जातं, म्हणाला. मी नाही म्हटलं. तीन लाख देत होता.