उद्या येळवस, अण्णा

प्रिय अण्णा,

उद्या येळवस, शेतात जाऊन जेवायची अमावास्या. शेजारी भज्जीसाठी पालेभाज्या निवडायला बायका बसल्यात, आणि मला इथं मैलूरच्या घरात काही सुचेना. कुणाशी बोलू? शेवटी तुलाच लिहायला बसले.

फिरायचं वेड तुला कुठून लागलं, आठवतं? रद्दीतल्या एका मासिकात स्पेनमधल्या खेड्याचं चित्र होतं. टेकडीवर पांढरी घरं, खाली मोटार, मोटारीशेजारी तंबू. मिलिटरीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर तू, ते चित्र कापून चक्क भिंतीला डकवलंस! "स्पेन ऱ्हाऊ दे शांता. आपन बसवकल्याण, आळंद तरी बघू. जीप हाय, तंबू हाय, आनि काय पायजे?"

मी तुझी धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवणारी. पोरांकडून नद्या पाठ करून घ्यायची, पण स्वतः मांजरेपलीकडे एक नदी पाहिली नव्हती. लगेच तयार झाले.

धास्ती होती ती मुक्कामाची. ओसरी मागितली की लोक आधी आडनाव विचारतात आणि आपण बौद्ध म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो. तू हसलास. "कामून भ्यायलीस? तंबूला कुनी आडनाव इचारत न्हाई."

किती मजेत गेले रे ते दिवस! मन्नाएखेळ्ळीला चहा, सांज झाली की रानात तंबू. मुडबीत तर एका म्हाताऱ्यानं काही न विचारता ओसरी दिली, आणि तू त्याच्या नातवंडांना जीपमधून गावभर फिरवलंस.

येळवशीच्या सकाळी आपण मुडबीच्या पुढं एका गावाबाहेर होतो. "आज भाकरी थापू नगस," तू म्हणालास, "ज्या शेतात जाऊ तितं जेवन." खोटं नव्हतं ते. त्या दिवशी वाटसरूला कुणी उपाशी जाऊ देत नाही. पण येळवशीला अख्खं गाव घरांना कड्या लावून शेतात जातं, हेही आपल्याला ठाऊक होतंच की! दोघांपैकी एकालाही कसं आठवलं नाही?

तंबूची दोरी सोडता सोडता तू छाती धरून खाली बसलास. सदरा घामानं भिजला. "काय न्हाई, पित्त हाय." कामून खोटं बोललास, अण्णा? आधीपासून दुखत होतं ना?

जीप समोर उभी होती, किल्ली तुझ्या खिशात होती, आणि मला गाडी चालवता येत नव्हती! मी गावात पळाले. दारं बंद, पार रिकामा, दवाखान्याला कुलूप. "कुनी हाय का?" म्हणत गल्ल्या पालथ्या घातल्या. कुत्रीसुद्धा माणसांमागं शेतात गेलेली.

शेवटी एका शेतात कडब्याची खोप दिसली. धापा टाकत पोचले, तर माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत एका म्हातारीनं अंबिलीचा तांब्या हातात दिला. "आदी पी गं माय, मग बोल." मी तांब्या धरून नुसती रडत होते, आणि ती म्हणत होती, "लाजायलीस कामून? येळवस हाय." आडनाव तिनंही विचारलं नाही.

कळलं तशी सगळी माणसं भरल्या पानावरून उठून धावली. त्यांच्यातही जीप चालवणारा कुणी नव्हता. बैलगाडीत कडबा पसरून तुला निजवलं. बिचाऱ्यांनी बैल पळवले, पण मोठा दवाखाना यायच्या आधीच तुझा हात माझ्या हातात जड झाला. मी काय करायला हवं होतं? सांग ना!

यंदा मी गाडी शिकले. क्लच सोडताना जीप अजून गचका देते. शिकले म्हणून तू परत येणार नाहीस, ते कळतं मला. पण दुसरं काही माझ्या हातातच नाही रे.

उद्या मी जीप घेऊन त्याच गावाला जाणार आहे. म्हातारीनं जेवायला बोलावलंय, पण शेतात नाही जायची. कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर, म्हणून गाव परत येईपर्यंत जीप वेशीत उभी करून, किल्ली लावून आत बसून राहीन. दर येळवशीला, जमेल तोवर. हा माझा तुला शब्द.

म्हातारीला म्हणेन, तांब्या वेशीतच पाठव. तेव्हा घोटभरही प्यायले नव्हते.

तुझी,
शांता