तळ्यावरची चौकीदारी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आणि भित्रा मी नाही. हे एकदा लिहूनच टाकतो. पडावच्या स्टँडवर बस पकडताना आबा, म्हणजे माझे वडील, चहावाल्यासमोर म्हणाले, आठवड्यात परत येशील, तुला तर अंधारात बाथरूमला जायला पण आई लागते. ती लहानपणची गोष्ट. मतलब, नववीतली. नववीत फेल झालो, ते पण आबांनी त्याच दमात सांगितलं. चहावाला हसला. मी चहा अर्धा टाकून बसमध्ये चढलो.

आता मी इथे, चादरी धुण्याच्या नोकरीवर. ग्वाल्हेर लांब राहिलं, शिवपुरी पण मागे गेली. जंगल, जंगलात तळं, तळ्याकाठी स्वस्तातलं झोपड्यांचं हॉटेल. लाइट नाही. सोलरचा दिवा जेवण होईपर्यंत जळतो, मग त्याचं तो विझतो. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. मालक दिग्विजयसिंह म्हणतात, यही तो बात है, शहरवाले इसी का पैसा देते हैं. आमच्या कंपू मोहल्ल्यात लाइट जाते तेव्हा कोणी देत नाही.

संकल्प: दसऱ्यापर्यंत टिकायचं. आबांनी तोंडात बोट घालायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

तळ्यात मगर आहे. ही बात ठरली नव्हती. स्वयंपाकवाली दुर्गा भाजी चिरता चिरता बोलून गेली, जशी शेजारीण कोणी. बूढ़ी है भैया, किसी को कुछ नहीं कहती. मी विचारलं, आजपर्यंत किती जणांना काही म्हणाली नाही? तर नुसती हसली.

घाबरलो नाही. फक्त खाट खिडकीपासून लांब केली. मग दारापासून पण. आता खाट खोलीच्या एकदम मधोमध आहे. हवा छान लागते.

१७ सप्टेंबर, बुधवार

मोठी चूक झाली. नाही, मोठा चान्स मिळाला.

मालकांनी, म्हणजे ठाकुर साहेबांनी विचारलं, घरचे कोण. म्हटलं मराठा, खापरपणजोबा रिसाल्यात होते. (घोड्यांचा दाणा तोलायचे. पण रिसाला तो रिसाला.) साहेब खूश. मग तर म्हणाले चौकीदारी आपके खून में है. जुन्या चौकीदाराला तिथल्या तिथे सुट्टी दिली. मला लाठी, शिट्टी, टॉर्च.

नाही म्हणणार होतो. पण खून मध्ये आलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चौकीदारी फर्स्ट क्लास. माझी पद्धत वेगळी आहे. बाहेर फिरणारा चौकीदार चोराला दिसतो. आत बसलेला दिसत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरात बसतो, कडी लावून, आणि शिट्टी आतूनच वाजवतो. दुर्गा म्हणाली, भैया, आम्ही समजलो कुकर चढवलाय.

उद्यापासून बाहेर एक राउंड. पक्का.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

पायात मोच आली असती, म्हणून राउंड केला नाही.

शालिनीताई आल्या. ग्वाल्हेरच्याच. मुलींच्या शाळेच्या रिटायर्ड हेडमास्तरीण, गळ्यात दुर्बीण, पक्षी बघायला. आल्या आल्या तक्रार, चौकीदार दिसत नाही म्हणून. म्हटलं हेच तर त्याचं काम. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी टोपी सरळ केली.

मग मी डोकं लावलं. साहेबांना म्हटलं, लाठीत दम नाही, नामी हॉटेलात बंदूकवाला असतो. तो आला की मी दिवसाच्या ड्यूटीवर सुटलो. साहेब म्हणाले, कोई है? नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच शालिनीताई बोलल्या, कंपूतले विश्वासराव आहेत ना! आमच्या बँकेच्या दारात जन्मभर बंदूक घेऊन बसले. काय रुबाब! शिडीवर चढून त्यांनी स्वतः फोन लावला.

विश्वासराव म्हणजे आबा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आबा आले. मिशीला तूप, खांद्यावर बारा बोरची बंदूक. आधी म्हणाले, वाळलास. मग म्हणाले, कुठे आहे तुझी मगर?

भीती मगरीची नाही, आबांची. मी कडी लावून बसतो हे त्यांना कळलं तर संपलं. कंपूतल्या प्रत्येक लग्नात, पंगतीत वाढता वाढता सांगतील.

प्लॅन: आज राउंडला मी पुढे, आबा मागे. छाती बाहेर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

राउंड झाला नाही. आबा म्हणाले, अनुभवी माणूस आधी मोक्याची जागा बघतो. बघत बघत स्वयंपाकघरात आले. बसले. कडी त्यांनीच लावली. वर पिठाचा डबा पण लावला, जो मला सुचला नव्हता.

सकाळी दुर्गाने दार ठोठावलं तर आबांनी बंदूक धरली आणि मला म्हणाले, समर, तू उघड, मी मागून सांभाळतो. किती मागून, ते बघितलं. पार चुलीच्या पलीकडून.

हीच त्यांची पद्धत असेल. बँकेची.

२९ सप्टेंबर, सोमवार

घडलं ते लिहितो.

सकाळ. चांगला उजेड. मगर शालिनीताईंच्या झोपडीच्या पायरीवर, दाराला लागून, आडवी. ताई खिडकीत. ओरडल्या, विश्वासराव, बघता काय, हवेत एक बार काढा!

आबांनी बंदूक उचलली. चाप हलेना. दर खंडेनवमीला आई बंदुकीला हळद, कुंकू, अक्षता वाहते, वरून नारळाचं पाणी, उदबत्तीची राख. तेलाचा थेंब नाही, पुसायचं पण नाही, देवाचं असतं म्हणून. बँकेत बार काढायची वेळ कधी आलीच नाही. आबा नखाने खरवडायला लागले. आतून पिवळा तांदूळ पडला. मगरीने आमच्याकडे मान वळवली.

मधलं आठवत नाही. मग आम्ही दोघं टाकीवर होतो, झाकण फुटलेलं, माझा एक पाय पाण्यात, आबांनी माझी कॉलर धरलेली. मला वाचवायला. किंवा आधाराला.

शालिनीताईंनी खिडकीतून शाळेतला आवाज काढला. ए! चल, हो बाहेर! टाकीवर मी ताठ उभा राहिलो. आबा पण. मगर उठली आणि पाण्यात गेली.

कितीतरी वेळ आम्ही उतरलो नाही. आबा तळ्याकडे बघत म्हणाले, बँकेत रोज वाटायचं रे, आज कोणी आलं तर? शटर पडलं की घरी येऊन तुमच्यावर ओरडायचो. मग म्हणाले, आईला सांगू नकोस. मी म्हटलं, काय? ते म्हणाले, शाब्बास.

मला पहिल्यांदा शाब्बास म्हणाले. टाकीवर का होईना.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

मी टिकलो. दसरा उद्याच. जिंकलो म्हणायला हरकत नाही.

जुना चौकीदार परत आला आहे. आबा आणि मी आता चादरी धुतो, पण काठावर नाही, बादलीत. आबा पिळतात, मी वाळत घालतो. शस्त्र म्हणून आज बादलीची पूजा केली. शालिनीताई म्हणाल्या, ग्वाल्हेरात एक शब्द बोलणार नाही. तेव्हापासून हसतायत, पण हसणं म्हणजे बोलणं नाही.

ठाकुर साहेबांनी पगारातून टाकीचं झाकण कापलं, ताईंचं भाडं माफ केलं ते पण कापलं, आबांचं जेवण पण.

आईचा फोन आला होता. घरचे दोन मर्द कमावते झाले म्हणून ती पाटणकर बाजारात फ्रिज बघून आली, निळा. आबा मोठ्या आवाजात म्हणाले, घे, घे, बिनधास्त घे. आणि फोन माझ्या हातात दिला.

आईला पाठवतोय, दोघांचे मिळून: सहाशे चाळीस रुपये.