तेलाची वाटी

मेढा, रविवार संध्याकाळ

झालं एकदाचं हत्यार. चौकोनी सळईच्या टोकाला भोक मारून आटे पाडले आणि पोलादाहून कठीण अशा कार्बाइडची बटणाएवढी गोल टिप स्क्रूने आवळली. मूठ मात्र आण्णांच्या जुन्या पटाशीचीच, बाभळीची. मागं दगडावर धार लावताना ती पटाशी सटकली आणि त्यांचं बोट चिरलं. नीट दिसत नाही ना आता. तेव्हापासून त्यांच्या लाकूड कातायच्या लेथवर कापड पडलंय. लाटणी नाहीत, रव्या नाहीत, नुसते सोप्यात बसून असतात. म्हणून तर हा उद्योग.

"आण्णा, हिला धार लावायचीच न्हाई. बोथटली की स्क्रू सैल करायचा, टिप जरा फिरवायची. झाली नवी."

मला वाटलं, खूश होतील. पण तोंड एवढंसं झालं. "हत्याराला हात न लावता कामाला बसायचं व्हय गं?"

माझंच चुकलं का? रोज सकाळी तो दगड, ती तेलाची वाटी, ते तंद्री लावून घासणं... मला ते नुसते कष्ट कसे काय वाटले? लहानपणी शेजारी मीच बसायचे की.

मघाशी बघते तर लेथवरचं कापड काढलेलं. आण्णा नवं हत्यार दगडावर सावकाश घासत होते. कार्बाइडला काय होतंय? दगडच झिजत होता.

"लागली का गं धार? बघ जरा."

"लय भारी लागलीय," म्हटलं, आणि वाटीत अजून थोडं तेल ओतलं.