न अडकणारा रेकॉर्ड प्लेअर

सातारा,
१० फेब्रुवारी १९९६

आदरणीय अंबूआत्यास राजरत्नचा सविनय जयभीम.

तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली म्हणून तू रागावली होतीस असं कळलं. शेक चालू ठेव आणि जिने टाळ. इकडे तुझी भाचेसून दीपमाला ठीक, आईचा खोकला थंडीपुरता. पत्रास कारण की, आपल्या घरात रेकॉर्ड प्लेअर आला आहे आणि तो मी निवडला आहे. बाबांची तबकडी चोवीस वर्षं तुझ्या माधवनगरच्या ट्रंकेत आहे, तो विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही. (दहा वर्षांचा असताना, सुया संपल्या म्हणून मी ग्रामोफोनला बाभळीचा काटा बसवला, वाजेना म्हणून वरून दाबला, काटा मोडला आणि खालच्या लोखंडानं बाबांच्या आवाजावर ओरखडा काढला, हे मला मान्य आहे. नव्या सुया आणल्यावर, तू आमच्याकडे होतीस तोवर, ती त्या ओरखड्यापाशी अडकत वाजली. मग सगळ्या भावकीसमोर तू "ह्याच्या हाताचा इस्वास न्हाई" म्हणालीस आणि तबकडी लुगड्यात गुंडाळून घेऊन गेलीस, हेही मान्य आहे. पण विषय काढणार नाही.)

झालं असं की, बाबांना जाऊन सहा वर्षं होतील, आणि दिवाळीनंतर एकदा आई म्हणाली की त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, पण आवाज काही केल्या आठवत नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या तबकडीवर जलसा पार्टीतल्या सात गड्यांत एकट्यानं गायची ओळ फक्त बाबांना मिळाली होती, आणि जुना ग्रामोफोन मोडीत गेल्यापासून ती ऐकायला आपल्या घरात यंत्र नाही. लोक म्हणाले, कॅसेटच्या जमान्यात हे कुठलं खूळ. पण एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं ब्रेक बांधणाऱ्या माणसाला जुनं यंत्र घ्यायची भीती नसते. त्याला फक्त नीट न बघता घ्यायची भीती असते.

पहिलं बघितलं तुझ्या शेजारच्या सांगलीत, जुन्या सामानाच्या दुकानात. (हो, मी तीनदा सांगलीत येऊन गेलो आणि तुझ्याकडे आलो नाही. रिकाम्या हातानं तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.) बाबांची तबकडी अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची, आणि पुष्कळ यंत्रांना तो वेगच नसतो. याला होता. मी फिरत्या थाळीच्या कडेला खडूची खूण केली, दीपमालाला फेऱ्या मोजायला बसवलं आणि स्वतः घड्याळ धरलं. दोनदा दुकानदारानं चहा विचारून मोजणी चुकवली. तिसऱ्यांदा मिनिटाला एकाहत्तर भरल्या. त्या वेगानं बाबा आजारी असल्यासारखे गायले असते, म्हणून नको म्हटलं. मग दुसऱ्या एका यंत्राची थाळी डुगडुगते का बघायला तिच्यावर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवली. ती डुगडुगत होती. दुकानदाराला शॉक बसला नाही, नुसता भिजला, पण त्या दुकानात पुन्हा जाणं आता अवघड आहे.

शेवटी मेढ्याला आप्पासो नावाचे रिटायर मास्तर भेटले. त्यांच्याकडे यंत्र होतं, पण विकायच्या आधी त्यांनीच माझी परीक्षा घेतली. हात धुवायला लावले, तबकडी कशी धरतोस विचारलं, मी फक्त कडेला बोटं लावून दाखवली. (आत्या, हे वाक्य दोनदा वाच.) मी खालचं झाकण उघडून थाळी फिरवणारं रबरी चाक नखानं दाबलं, तर ते मऊ. म्हणजे पंचवीस वर्षांत मास्तरांनी एकदाही यंत्राचा खटका चालूवर ठेवून नुसतं भिंतीवरचं बटण बंद केलेलं नाही, नाहीतर दाबून राहिलेल्या त्या चाकाला खड्डा पडला असता आणि प्रत्येक गाण्यामागं धडधड ऐकू आली असती. यंत्र बघताना मालकही बघायचा, हे मी तिथं शिकलो.

फेऱ्या बरोबर अठ्ठ्याहत्तर. वाटीतला थेंब सांडला नाही. आणि मग माझी खास परीक्षा. मी बरोबर बँडबाजाची एक जुनी तबकडी नेली होती, तिच्यावर घरी खिळ्यानं मुद्दाम ओरखडा काढला होता, बाबांच्या तबकडीवर जिथं आहे बरोबर तिथं. (ती जागा मला झोपेतही दाखवता येईल.) सुईवरचा भार मी अर्ध्या आट्यानं वाढवला आणि सुई त्या ओरखड्यावरून अशी गेली की बँडवाल्यांना पत्ता लागला नाही. मास्तर म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा." आत्या, मला अभिमान वाटला आणि तो मी लपवत नाही. केळघरचा घाट ज्या गाड्या उतरतात त्यांचे ब्रेक याच हातांचे आहेत, आणि गेल्या मे महिन्यात तूही त्यातल्याच एका गाडीतून झोप काढत उतरली होतीस.

तर असं हे खात्रीचं यंत्र घरात आहे. धूळ बसू नये म्हणून दीपमालानं झालर शिवली आहे. घरच्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुझा भाचा,
राजरत्न

ता. क. विषय काढतो. घरात यंत्र आहे आणि वाजवायला फक्त बँडबाजा आहे. तबकडी पाठव.

ता. क. २ पत्र चिकटवायच्या आधी आईला यंत्र दाखवलं. तिनं एकच विचारलं, "त्या वरखड्यापाशी अडकतंय का?" मी छाती फुगवून सांगितलं, अजिबात नाही. तिनं झालर पुन्हा यंत्रावर ओढली. मग म्हणाली, "मग कशाला आणलंस रं? तिथं अडकलं की तुझा बाप 'जागं ऱ्हावा, जागं ऱ्हावा' म्हणत ऱ्हायचा. म्या सुई उचलायचीच न्हाई. अंबूबाई उठून उचलायची." चोवीस वर्षं मी ज्या ओरखड्याची लाज बाळगली, तो तिला हवा आहे. तेव्हा सुईवरचा भार मी पुन्हा कमी केला आहे आणि बँडबाजा आता हवा तसा अडकतो. तबकडी पाठवू नकोस, घेऊन ये. आई सुई उचलणार नाही, आणि माझ्या हातून ती उचलली जाणार नाही. त्याला तूच लागशील.