वाढत्या अंगाची गिटार

आई, तुझ्या नातीसाठी मी गिटार बनवली. हसू नकोस. आणि साधी गिटार नव्हे, बेस गिटार. जाड तारांची, घुमणाऱ्या आवाजाची. ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे उभा राहून एक जण ती वाजवत असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मागच्या भीमजयंतीला आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत कार्यक्रम होता. लोकांनी गायकाला डोक्यावर घेतलं होतं आणि तुझी ही सहा वर्षांची नात त्या मागच्या माणसाकडे तोंडाचा आ करून बघत होती. घरी येताना म्हणाली, "मम्मी, मला ते पोटात वाजणारं पाहिजे." हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं झाली तुला जाऊन. पण या गिटारवरून तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहिते.

दुकानांतून फिरले. लहान मुलांची साधी गिटार मिळते, बेस मिळत नाही. "ताई, मुलगी मोठी झाली की घ्या," दुकानदार म्हणाला. पण हिने तोवर गावभर सांगून टाकलं होतं. बुद्धपौर्णिमेसाठी विहारात मुलांचं गाणं बसवत होते, तिथल्या ताईंनाही सांगून मोकळी झाली, "मी बेस वाजवणार, आमची मम्मी बनवतेय." आता काय करता? अंबडच्या आमच्या कंपनीत मशिनं ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्या पडून असतात. मी स्टोअरलाच आहे, साहेबांना विचारून चांगल्या बघून आणल्या. दांडीसाठी वखारीतून सागाचा तुकडा घेतला. बाकी सगळं मोबाइलवर बघून. नवरा म्हणाला, "पोळपाटाचा पाय महिनाभर हलतोय, तो बसवत नाही बाई, आणि निघाली गिटार करायला." मी म्हटलं, पोळपाट तुम्ही बसवा, तुम्हालाही हात आहेत. त्याने बसवला, बरं का.

गॅलरीत बसून कापलं, तासलं, घासलं. घरभर भुसा. दोनच तारा लावल्या, सहा वर्षांच्या पोरीला दोन खूप झाल्या. खुंट्या बसवल्या, पॉलिश केलं, आणि खरं सांगते आई, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हातात दिली तर पोरगी नाचायची थांबेना. मग मांडीवर घेऊन बसली. डावा हात दांडीच्या टोकाकडे नेला. पोचेना. सरकून बसली, तरी पोचेना. जीभ बाहेर काढून, अर्धी आडवी होऊन पाहिलं. कुठून पोचणार? मी दांडी चांगली लांब ठेवली होती. दहावीपर्यंत चालेल अशी. कुणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता, हात आपोआप तसा चालला. ती रडली असती तर मी समजूत काढली असती. पण ती शहाण्यासारखी म्हणाली, "राहू दे मम्मी, मोठी झाल्यावर वाजवीन," आणि गिटार कपाटाला टेकवून खेळायला निघून गेली.

तिथे मला तुझा राग आला. चांगला सणसणून आला. आपल्या तेव्हाच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी तुझं शिलाई मशिन आहे, शाळा उघडायच्या आधीचे दिवस आहेत, एका बाजूला डाळ शिजतेय आणि तू माझा गणवेश शिवतेयस. मी घालून उभी राहते तर बाह्या कोपराखाली, स्कर्ट पोटऱ्यांवर. मी तोंड वाकडं करते. तू तोंडातली टाचणी न काढताच म्हणतेस, "वाढत्या अंगाचं हाय ते. पुढच्या साली बसंल." मी म्हणते, मला या साली पाहिजे. "आन् दिवाळीला आखूड झाल्यावं काय करशील? माझ्याकडं काय कापडाची गिरणी हाय?" मग कमरेला सेफ्टी पिन. खो-खोच्या सामन्यात ती पिन निघाली आणि मी एका हाताने स्कर्ट धरून धावले ते आठवतं का? पहिल्याच झपाट्यात बाद. पोरी वर्षभर हसत होत्या. पुढच्या साली गणवेश अंगाला बसायचा खरा, पण तोवर त्याचा रंग उडालेला असायचा. नवं आणि मापाचं असं एकाच वेळी मला काही मिळालंच नाही, आई! चपलासुद्धा पुढे कापूस कोंबून घातल्या. आणि इतकं सगळं सोसून मी माझ्या पोरीला काय करून दिलं? तेच. खाण तशी माती, दुसरं काय.

रविवारी सकाळी ती पोहे खात असताना मी सुतळी घेऊन तिचं माप घेतलं. खांद्यापासून मनगट, मनगटापासून बोटाचं टोक. गुदगुल्या होतात म्हणून तिने पोहे सांडले. मग गॅलरीत जाऊन दांडीवर खूण केली आणि करवत हातात घेतली. चालवेना गं. चांगला साग, गुळगुळीत घासलेला, आणि तो कापून टाकायचा? तुझा आवाज कानात होताच, "वाया घालवू नको बाई, ठेव, पोरगी काय अशीच राहणार हाय का?" नाही राहणार. पण पौर्णिमा आता आहे, हौस आता आहे. पुढच्या वर्षी तिला बेस नको असेल, सायकल हवी असेल. मी मोठ्याने म्हटलं, "पुढच्या वर्षी दुसरी करीन." आणि कापली. अगदी खुणेवर, बोटभरही जास्त न ठेवता.

खुंट्या नव्या टोकाला बसवून तारा पुन्हा चढवल्या, तिने बोट मारलं आणि ढुम्म झालं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं झणझणली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वाजली! मोठी न होताच वाजली!"

विहारात पोरं गायली. ही सगळ्यांच्या मागे स्टुलावर बसून दोनच सूर वाजवत होती, एकदा हा, एकदा तो. मध्ये एकदा चुकली, स्वतःलाच हसली, आणि पुन्हा ताल धरला. मी इतकी खूश होते की शेजारची बाई काय बोलतेय ते मला ऐकूच येत नव्हतं.

भांडण इथे संपवणार होते. जिंकलेच होते मी. पण घरी आल्यावर तुझा शेवटचा ड्रेस आठवला. मी आठवीत होते, तू अंथरुणाला खिळलेली, तरी उठून मशिनवर बसायचीस. जांभळा पंजाबी ड्रेस. माझ्या अंगावर गोणपाटासारखा. मी म्हटलं, हा कधी व्हायचा मला? तू नुसता दोरा तोडलास. तू गेल्यावर तो ट्रंकेत पडून राहिला. बारावीच्या निरोप समारंभाला काढला, तर खांद्यात बरोबर, कमरेत बरोबर, बाहीसुद्धा मनगटावर नेमकी. तू न बघितलेलं माझं अंग तू आधीच मापून ठेवलं होतंस. त्या दिवशी मी दार लावून खूप रडले. रंगही उडाला नव्हता गं त्याचा. नवा आणि मापाचा.

तेव्हा एक सांगून टाकते. गिटार या सालच्या मापाची आहे, त्यात तडजोड नाही. पण गळ्यात अडकवायचा पट्टा मी ह्यांच्या कमरेच्या जुन्या पट्ट्यातून केलाय. तिला आज त्याचं पहिलं भोक लागतं. भोकं मी पार शेवटपर्यंत पाडून ठेवली आहेत.