माझ्या निधनाच्या बातमीबद्दल आभार

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या (आणि अद्याप चालत्याबोलत्या) भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? परवा तू पाठीत घातलेला धपाटा अजून जाणवतो, म्हणजे तुझी तब्येत उत्तम असावी.

परवा नीट सांगता आलं नाही (तू रडत होतीस आणि मारतही होतीस), म्हणून लिहितो. त्याचं झालं असं, की अँब्युलन्सचा ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक. पोट सुटलं म्हणून पँट कमरेत सैल करायला आला. माप देताना तो लाजतो, म्हणून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. समोरच्या औषधवाल्याला दिसलं ते एवढंच: दारात अँब्युलन्स, शटर अर्धं खाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. त्याने फोटो ग्रुपवर टाकला, 'आपले शिंपीकाका गंभीर?' पुढच्याने प्रश्नचिन्ह उसवलं. त्याच्या पुढच्याने हृदयविकार जोडला. कमरेचं माप उरकेपर्यंत मी गेलो होतो.

लोकांना दोष देत नाही. औषधवाला कशाला खोटं बोलेल, असं प्रत्येकाला वाटलं. आणि शेजारी हळहळत असताना आपणच गप्प बसलो तर बरं दिसत नाही. खरं सांगू, वाचताना मलाही वाईट वाटलं. 'असा हात पुन्हा होणे नाही,' असं बँकेतल्या मॅडमनी लिहिलं होतं. आदल्याच दिवशी त्यांनी बाह्या आखूड झाल्या म्हणून शर्ट तोंडावर फेकला होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण या म्हशीला स्वतःचं दूध चाखायला मिळालं. (ती बातमी मीही दोघांना पाठवली. कौतुक होतं ना त्यात.)

सगळ्यांनी फुलांची चित्रं पाठवली. बस पकडून आलीस ती तू एकटी, एका पायात तुझी आणि एका पायात भावोजींची चप्पल. वडिलांचं शिलाई मशीन मी ठेवून घेतलं म्हणून इतकी वर्षं धरलेला अबोला तू दारातच मोडलास, ''मेल्या, जिवंत आहेस होय?'' मी पाठवलेल्या खऱ्या निरोपांनी तू कधी आली नाहीस, एका खोट्या बातमीने आलीस. त्या बातमीचे, औषधवाल्याचे आणि ड्रायव्हरच्या पोटाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

तुझा,
बारक्या

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. मी जिवंत असल्याचं ग्रुपवर वारंवार लिहितोय, कोणी पुढे पाठवत नाही. औषधवाल्याने तर 'आधी खात्री करून घ्या' असं उलट मलाच कळवलं. तेवढं तू पाठव. तू डोळ्यांनी पाहिलं आहेस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच बातमी आली, की तू जिन्यावरून पडलीस. फिरत फिरत औषधवाल्याकडूनच आली, म्हणजे खोटीच असणार. फोन लावतोय, तू उचलत नाहीस. मशीन टेम्पोत चढवलं आहे, मी पुढे बसतोय. बहुधा पत्राआधीच पोचेन. दारात धडधाकट दिसलीस, तर या वेळी रडण्याचं काम माझ्याकडे. मारायचं तेवढं तुझ्याकडेच राहू दे.